घोडा मरेल, व्याही!

आमचे व्याही अरविंदराव सकाळी दात घासायच्या आधी एक माणूस मारतात. कागदावर मारतात, पण मारतात. मग बाथरूमच्या दारात उभं राहून, तोंडात ब्रश तसाच, मला बातमी देतात. "शंकरराव, तो दाढीवाला कॅप्टन गेला! छातीतून आरपार!"

माझा चहासुद्धा झालेला नसतो.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे, ऋताचे वडील. ऋता आणि माझा विजय जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखला नोकरीला. नातू झाला तसे आम्ही दोघं एकाच विमानानं आलो, तीन महिन्यांच्या व्हिसावर, आणि एकाच खोलीत पडलो. बाळंतपणाला दोन म्हातारे कोण बोलावतं? पण दोघांच्याही घरी बाई उरली नव्हती.

व्याही पुण्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. अंगानं काडी, चष्मा जाड, आणि लिहितात लढाईची कादंबरी. चारशे वर्षांपूर्वी ह्या मुलखात तीस वर्षं कापाकापी चालली होती म्हणे, त्यातली. तिच्यात लेओनहार्ट नावाचा सरदार आहे. वेढा पडलेल्या गावात त्याची बायको आजारी. तिला त्यानं शब्द दिलाय, 'सूर्य मावळायच्या आत वेशीत येतो.' एवढं बोलून हा निघाला तो तीनशे चाळीस पानं झाली, अजून वाटेतच आहे. का, तर कुणी वाकडं बोललं की हा घोड्यावरून उतरतो आणि तलवार काढतो. व्याह्यांचं पालुपदच आहे, "मान गेला की माणूस गेला, शंकरराव!"

मी तिसरी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं मिरजेत टांगा हाकला, आपल्या-परक्या घोड्यांना नाल ठोकले. पुस्तकातलं मला कळत नाही, पण घोड्यातलं कळतं, आणि ते मी कुणाला ऐकवायला भीत नाही. पहिल्याच दिवशी चार वाजता चहाबरोबर व्याह्यांनी वही काढली. सरदारानं टाच मारली आणि एका दमात साठ कोस घोडा फेकला.

"घोडा मरेल, व्याही," मी म्हणालो.

"अहो, कादंबरी आहे ही!"

"म्हणून काय तो पेट्रोलवर चालतो? चंदी नाही, पाणी नाही, खरारा नाही. मरेल."

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी साठाचे वीस कोस झाले आणि मध्ये ओढ्यावर घटकाभर विसावा आला. तिथं माझं चुकलं. त्या दिवसापासून मी पकडला गेलो. बाळाचे कपडे वाळत घालत असलो तरी मागं हजर. "घोडा घामेजला तर पाणी लगेच द्यायचं का?" "खुरात खडा गेला तर कोणता पाय उचलतो?" बाराव्या प्रकरणात तर त्यांनी एक म्हातारा नालबंद घातला. हट्टी, तोंडाळ, पण हातात कसब असलेला. सरदाराच्या घोड्याला नाल तोच ठोकतो. मला विचारलंही नाही.

कागदावर होतं तोवर ठीक होतं. एका रविवारी व्याही रिकाम्या बाटल्या घेऊन कोपऱ्यावरच्या, काचा टाकायच्या डब्याकडे गेले. रविवारी इथं खळ्ळकन आवाज केलेला चालत नाही. शेजारचे लिंडनरसाहेब आले, बोट दाखवून चार शब्द बोलले. मी म्हणालो, "व्याही, घरी चला." पण यांची मान ताठ. उजव्या हातातला लोकरी मोजा काढला आणि लिंडनरच्या पायाशी आपटला. द्वंद्वाचं आव्हान!

लिंडनरनं वाकून मोजा उचलला, बर्फ झटकला आणि "बिट्टं श्योन", म्हणजे 'हे घ्या', म्हणून परत दिला. यांनी पुन्हा टाकला. लिंडनरनं पुन्हा उचलला, आणि ह्या बाबाला थरथर सुटलेली दिसते असं समजून तो मोजा कुंपणाच्या खुंटीवर नीट बसवून ठेवला. इथं हरवलेल्या मोज्याचं असंच करतात, मालकाला लांबून दिसावा म्हणून. मग टोपीला हात लावून निघून गेला.

"पळाला!" व्याही म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. मोजा दोन दिवस खुंटीवर होता. विजयाची पताका म्हणून यांनी काढू दिला नाही. ऋता मला म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी अप्पांना सांगा ना." मी सांगतो! दगडाला सांगितलं असतं तर ऐकलं असतं.

व्हिसा संपत आला, गुरुवारचं विमान ठरलं. ऋतानं बापाला बजावलं, "अप्पा, पाच वर्षं चाललंय हे. या वेळी पुस्तक पुरं करूनच जायचं." मंगळवारी चार वाजता व्याही वही घेऊन बसले. सरदार टेकडीवर पोचला होता. समोर वेस, सहा कोसांवर. सूर्य डोंगराकडे कललेला. मी चहा खाली ठेवला. म्हटलं, सुटलो.

आणि घोड्याचा नाल पडला.

"कुणाचा?"

"घोड्याचा हो."

"ते कळलं. ठोकला होता कुणी? त्या म्हाताऱ्यानं ना? मी चाळीस वर्षांत ठोकलेला नाल असा पडला नाही, व्याही! खोडा ते!" माझा आवाज चढला. आत बाळ रडायला लागलं. "मान मान करता, आणि माझा मान? तो वेशीत गेला तर तुमचं काय बिघडतंय?"

व्याही नेहमीसारखे उसळले नाहीत.

"कुसुमला मी सांगितलं होतं, सहाला येतो," ते म्हणाले. "दवाखान्यात होती. कचेरीत समारंभ होता, पत्रिकेत माझं नाव छापायचं राहिलं होतं. माफी मागितल्याशिवाय मी खुर्चीतून उठेना. मागितली त्यांनी. सगळ्यांसमोर." चष्मा काढून ते सदऱ्याला पुसत बसले. "पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. नर्स म्हणाली, सारखी दाराकडे बघत होत्या."

ऋताची आई कुसुमताई पाच वर्षांमागं गेल्या हे मला ठाऊक होतं. वेळ ठाऊक नव्हती.

व्याह्यांच्या जागी घोडा असता तर मानेवर थाप मारली असती. मी उठलो, त्यांचं पेन टेबलाखाली गेलं होतं ते काढून हातात दिलं.

"आता कुणी काही बोललं तरी खाली उतरायचं नाही," मी म्हणालो. "लिहा."

बुधवारी सकाळी कुणी मेलं नाही. दात घासून व्याही स्वयंपाकघरात आले आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. नाल खोडला होता. वाटेत एक शिपाई सरदाराला भेकड म्हणाला, सरदारानं वळून पाहिलं नाही. सहा कोस, चढउताराचे, एका दमात. ना चंदी, ना पाणी. सूर्याची शेवटची कड डोंगरावर होती, तेवढ्यात टापा वेशीच्या फरशीवर वाजल्या. खिडकीत दिवा होता.

व्याह्यांनी वही मिटली नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"घोडा मरेल का हो, शंकरराव?"

"नाही मरत," मी म्हणालो. "नाल माझे आहेत."