दांडा ओढला की काडतूस

नवं यंत्र गॅरेजमध्ये उतरवलं तेव्हा आर्डिस हॉगेनबाईंनी आधी हात धुतले, मग एप्रन बांधला आणि मगच खोक्याची चिकटपट्टी कापली. मोंटानातल्या त्या छोट्या गावात, शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्या पिस्तूल क्लबात शिरल्या आणि झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरी आणून पुन्हा भरायला शिकल्या. आपल्या हातच्या काडतुसाची सर गावात कुणाच्याच काडतुसाला नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कुणी दुकानातली तयार काडतुसं आणली की त्या भुवया अशा उंचावत, की तो माणूस पुढच्या वेळी खोकं घरीच ठेवून येई.

काडतुसं भरायच्या जुन्या प्रेसवर एका वेळी एकच काम होई. आधी सगळ्या पुंगळ्या आकारात आणायच्या, मग त्यांना ठिणगीची टोपी बसवायची, मग दारू, मग गोळी. शेवटी बाईंच्या खांद्याने संप पुकारला आणि त्यांनी हे यंत्र मागवलं. यात पुंगळ्या गोल चकतीवर फिरत. दांडा एकदा खाली ओढला की सगळी कामं एकदम होत आणि एक तयार काडतूस टपकन डब्यात पडे.

"काडतुसं करतंय की पॉपकॉर्न?" त्यांचा नवरा मायलो म्हणाला. त्याने जन्मात पिस्तूल हातात धरलं नव्हतं.

"तू टेबल धर. बडबड नको."

टेबल धरायलाच हवं होतं, कारण दांडा ओढला की ते पुढे चालायला लागे. मायलोने बोल्ट मारून ते भिंतीला जखडलं. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. त्यामुळे दर काडतुसामागे कपाटातल्या बश्या खणखणू लागल्या.

"ऐक," बाई खुशीत म्हणाल्या, "टाळ्या वाजवतायत!"

शनिवारी क्लबची वार्षिक स्पर्धा होती. त्याआधी बाईंनी रॉयस पिकरेलला मुद्दाम यंत्र बघायला बोलावलं. रॉयस म्हणजे त्यांचा जुना प्रतिस्पर्धी. करंडक बाईंच्या घरी नसला तर त्याच्या घरी असायचा.

"बघ रे रॉयस! तू कॉफी संपवशील तेवढ्यात माझी स्पर्धेची सोय झालेली असेल."

"हात जरा सावकाश चालव, आर्डिस."

"सावकाश जुन्यावर चालवत होते. आता बघ नुसता!"

बाई दांडा ओढत होत्या, बश्या वाजत होत्या, डबा भरत होता. बाईंच्या तोंडाचा वेग यंत्रापेक्षा कमी नव्हता. गेल्या वर्षी रॉयसचा नेम कुठे चुकला तेही सांगून झालं. बोलता बोलता त्यांची नजर वर, पुंगळ्यांत दारू सोडणाऱ्या नळकांड्याकडे गेली आणि हात जागीच थांबला.

नळकांडं स्वच्छ रिकामं होतं.

"केव्हापासून?" मायलोने विचारलं.

तेच कुणाला माहीत नव्हतं. दारूवाली काडतुसं आणि बिनदारूची काडतुसं एकाच डब्यात, एकाच दिमाखात चकाकत होती.

"वजन करून बघ ना," मायलो म्हणाला.

"पुंगळ्यांचीच वजनं सारखी नसतात. त्यात एवढीशी दारू काय कळणार?"

"चार-दोन पोकळ निघतील, आर्डिस," रॉयस म्हणाला. "फुसकन आवाज होईल, दुसरं काय?"

"फुसकन आवाज होतो आणि गोळी पिस्तुलाच्या नळीत अडकून बसते. वरून दुसरी झाडली की पिस्तूल हातात फुटतं! या डब्यातलं एकही झाडायचं नाही. सगळी उलगडायची."

काडतूस उलगडायचं म्हणजे ते एका पोकळ हातोड्यात अडकवायचं आणि गोळी निसटेपर्यंत ठोकळ्यावर आपटायचं. रॉयसला एकाएकी घरचं काम आठवलं. मायलो मात्र मुकाट्याने बाईंशेजारी स्टूल ओढून बसला.

"तासाभरात केलीस खरी," ठोकता ठोकता तो म्हणाला, "पण मोडायचं यंत्र नाही का गं मिळत?"

"मिळालंय ना. समोर बसलंय. ठोक!"

शुक्रवार उजाडला तरी डबा संपला नव्हता आणि नव्याने भरायला ना वेळ उरला होता ना धीर. दुपारी बाई पिकअपमध्ये बसल्या, टोपी नाकापर्यंत ओढली आणि मायलोला दुकानात पाठवलं. तो एक खोकं घेऊन आला. बाईंनी त्यातली काडतुसं आपल्या नेहमीच्या डबीत ओतली.

"मायलो, हे कुणाला कळलं तर मी गाव सोडीन."

"माझ्या तोंडून? शक्यच नाही."

शनिवारी बाई आपली फेरी झाडून आल्या. निशाण्याच्या लोखंडी थाळ्या एकेक करून पडल्या. पाठोपाठ रॉयस उभा राहिला. त्याच्या थाळ्या त्याहून भराभर पडत होत्या. करंडक गेला, असं बाईंच्या मनात आलं आणि तेवढ्यात एक आवाज वेगळाच आला. फुस्स.

"थांब!"

शाळेतली भरली पंगत ज्या आवाजाने गप्प होई, तोच बाईंचा आवाज होता. सगळं मैदान थांबलं. रॉयसचं बोट चापावरच गोठलं. पंचाने पिस्तूल तपासलं. नळीत गोळी घट्ट अडकून बसली होती.

रॉयस बाकावर येऊन बसला. "तुझ्याकडून निघालो तो थेट दुकानात गेलो," तो खालमानेने म्हणाला. "तसलंच यंत्र आणलं. शेजाऱ्याला दाखवत होतो... वेगाने भरत होतो गं."

"आणि बोलत होतास."

"बोलतही होतो."

करंडक बाईंना मिळाला. जेवणाच्या मंडपात एल्क हरणाच्या मांसाच्या चिलीचं, म्हणजे तिखट रश्शाचं, पातेलं उघडलं होतं आणि जो तो बाईंचा हात हातात घेत होता. मायलोची छाती तर शर्टात मावेना. अखेर तो खुर्चीवरच चढला.

"मंडळी, ही माझी बायको! कान बघा तिचे! नेम बघा! आणि हे सगळं कशावर? साध्या दुकानातल्या काडतुसांवर! स्वतःची असती तर..."

मंडपातल्या सगळ्या माना बाईंकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो ते मायलोला खुर्चीवर उभ्या उभ्या कळलं. त्याने खाली उतरायला पाय ठेवायची जागा शोधली, तीही सापडेना.

"दुकानातली?" रॉयसने डोळे विस्फारले. "आर्डिस, तू?"

बाईंनी मायलोकडे पाहिलं. त्यांच्याबद्दल इतक्या अभिमानाने त्याला बोलताना त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. त्या उठल्या, त्याला हात देऊन खाली घेतलं आणि त्याच्या वाडग्यात चिलीचा एक मोठा डाव वाढला.

"हो, दुकानातली," त्या ताठ मानेने म्हणाल्या. "मला माझ्या डब्याचा भरवसा नव्हता."

कुणी हसलं नाही. उलट दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

"मग?" रॉयसने हळूच विचारलं. "कशी होती ती काडतुसं?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला.

"बरी होती. मीठ जरा कमी."