रतनगड सोडून सगळं काही

"माझ्या डोळ्यांवर फडकं बांधा आन् सोडा मला! जेवनाच्या आत रतनगडावर न्हाई पोचलो तर नाव बदला माझं!"

बिभीषणनं हे रतनवाडीतल्या मुक्कामाच्या घराच्या ओट्यावर, चहाची बशी हातात धरून, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं जाहीर केलं. नाव बदलायची कल्पना त्याच्या बायकोला, सत्यशीलाला, लग्न ठरल्यापासूनच पसंत होती. पण सकाळी सकाळी कशाला, म्हणून तिनं चहाचा घोट घेतला.

"वाटेवर आता पाट्या लावल्यात म्हणे भावजी," बिभीषणच्या दोस्ताची, कल्याणची बायको ज्योती म्हणाली.

"पाट्या नवख्यांसाठी असत्यात वहिनी! हा डोंगर मला वळखतो!"

आणि एकेकाळी तो खरंच ओळखत असावा. बिभीषण आणि कल्याण दोघंही मिरजगावचे, एकदमच नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर चिकटलेले. दिवाळीची सुट्टी लागली की बाकीची पोरं फराळाला गावाकडं पळायची आणि हे दोघं राजूरची एसटी धरायचे. सॅकबिक कुठली! युरियाच्या रिकाम्या पोत्याला दोरी बांधायची आणि पाठीवर टाकायचं. पोत्यात तांदूळ, कांदे, एक पातेलं आणि दोघांत मिळून एक घोंगडी. तीही अशी तोकडी, की एकाचे पाय झाकले की दुसऱ्याचं डोकं उघडं पडायचं. रतनगडाच्या गुहेत त्यांनी खिचडी शिजवली, मीठ घालायला विसरले आणि 'असली खिचडी शेठच्या घरी बी न्हाई' म्हणत पातेलं चाटूनपुसून साफ केलं. उजाडलं की माथ्यावरच्या नेढ्यात जाऊन बसायचं. नेढं म्हणजे सुईच्या नाकासारखं कातळाला पडलेलं आरपार भगदाड. तिथल्या भणाणत्या वाऱ्यात एकमेकांच्या नावानं बोंब मारली की दिवाळी साजरी झाली!

मग लग्नं झाली, पोरं झाली, ओव्हरटाइम आला, रक्तात साखर आली, आणि डोंगर तिकडंच राहिले.

आता कल्याणचा उजवा गुडघा बदलायचा ठरला होता. ऑपरेशनची तारीख पडली आणि कल्याणच्या तोंडचं पाणी पळालं. बोलेना, जेवेना. "टेबलावरनं उठलोच न्हाई तर रं?" असं एकदा तो हळूच म्हणाला, तेव्हा बिभीषणच्या काळजात चर्र झालं. पण काळजातलं तोंडावर येऊ देईल तो बिभीषण कसला!

"बदलायचाच हाय नव्हं?" तो गरजला. "मंग जुन्या गुडघ्यावर शेवटचा एक गड मारू! इतकी वर्सं चाकरी केली त्यानं, निरोप समारंभ नको?"

असे ते चौघं बिभीषणच्या गाडीतून रतनवाडीत आले होते. बायकांनी अमृतेश्वराचं देऊळ बघून आराम करायचा आणि बाप्यांनी गड मारायचा, असं बिभीषणनं ठरवलं. निघताना त्यानं आपला मोबाईल सत्यशीलाच्या हातात ठेवला. "डोंगरावर मोबाईल न्हेनं म्हंजे गाभाऱ्यात चप्पल घालून जानं!" कल्याणचा मोबाईल खिशात होता, पण चार्जर घरी राहिल्यामुळं तो आदल्या दिवशीच गतप्राण झाला होता.

प्रवरेचं पात्र ओलांडून दोघं झाडीत शिरले. भात पिवळं पडलेलं, हवेत गारवा, झाडीत शीळ घालणारे पक्षी. कल्याणचा चेहरा हळूहळू सुटायला लागला. एके ठिकाणी वाटेला फाटा फुटला. तिथं एक पाटी होती. कल्याण थांबला.

"बिभ्या, ही पाटी म्हनती..."

"पाटीला काय कळतंय! सरळ चल. आपन कायम सरळच जात हुतो!"

आणि तिथून पुढं बिभीषणच्या स्मरणशक्तीला जे उधाण आलं, ते काही विचारू नका! "ह्यो बघ! ह्याच दगडावरनं तू घसरला हुतास!" "ह्या झाडाखाली तुझी चप्पल तुटली!" कल्याण बघायचा. दगड दगडासारखा होता, झाड झाडासारखं होतं. पण थोड्या वेळानं त्यालाही आठवायला लागलं! एका मोठ्या काळ्या धोंड्यापाशी तर बिभीषणचा पाय निघेना.

"इथं बसून तू म्हनला हुतास, 'बिभ्या, लगीन झाल्यावर आपली दोस्ती ऱ्हाईल का रं?'"

"आन् तू काय म्हनलास?"

"मी म्हनलो, बायकोला सोडंन!"

"ते सांगितलंस का कधी वहिनीला?"

"एवढं बी धाडस न्हाई रं माझ्यात!"

दोघं खो-खो हसले आणि हसता हसता दोघांचेही डोळे भरून आले. कल्याणनं त्या धोंड्याला प्रेमानं मिठी मारली. बिभीषणनं त्याच्यावरून हात फिरवला, जसा काही तो त्यांच्या वर्कशॉपचा जुना फोरमन होता!

चढ चालूच होता. पण गडाच्या कड्याला लावलेली लोखंडी शिडी काही येईना.

"काढली असंल सरकारनं," बिभीषण म्हणाला.

गडाचा दरवाजा येईना. "पडला असंल." गुहा येईना. "बुजली असंल." शेवटी दोघं धापा टाकत एका खिंडीत पोचले. तिथं शेंदूर लावलेला देवीचा तांदळा होता.

"ही देवी नवीन बसिवली वाटतं," बिभीषण हात जोडत म्हणाला.

"बिभ्या, नेढं कुठाय?"

बिभीषणनं चहूकडं नजर फिरवली. आरपार भगदाड दिसत नव्हतं. मात्र पलीकडं खाली भाताची खाचरं आणि कौलारू घरं दिसत होती. "नेढ्याचं सोड! ती बघ रतनवाडी! आपन वळसा घालून बरोबर गावाच्या डोक्यावर आलोय!"

उतारावर गुडघ्यानं कल्याणचा जीव काढला. शेवटी तो खेकड्यासारखा आडवा चालत उतरला. पहिल्याच खाचरात एक आजोबा भात झोडत होते.

"आजोबा, रतनवाडीत आलो न्हवं?" बिभीषण ओरडला.

आजोबांनी कानाला हात लावला. "रतनबाई? ते काय, वरचं घर!"

"बघ!" बिभीषण म्हणाला. त्यालाही धापेमुळं अर्धंच ऐकू आलं होतं.

वरच्या घरापुढं ताजा सडा होता, रांगोळी होती, खुर्च्या मांडल्या होत्या. नऊवारीतली एक आजी लगबगीनं बाहेर आली.

"या, या पाव्हनं! लई उशीर केला!"

"वाट जरा लांबची पडली," बिभीषण ऐटीत म्हणाला. "आमच्या बायका आल्या का?"

"न्हाई अजून. येतील की मागनं. बसा तुमी, पानी घ्या."

पाणी आलं, मागोमाग कांदेपोहे आले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर! "सत्यशीलानं सांगून ठिवलं असनार," बिभीषण कल्याणच्या कानाशी कुजबुजला आणि दोघं पोह्यांवर तुटून पडले. दुसरी ताटली झाली, तिसरी झाली. मग साडी नेसलेली एक तरतरीत मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली.

"नाव काय बाळ?"

"निकिता."

"शिकतीस का?"

"बीएस्सी झाली. राजूरला होते कॉलेजला."

"छान, छान!"

आजीचा चेहरा फुलला. "गुनाची हाय माझी नात. तुमचा मुलगा न्हाई आला?"

"मुलगा? तो पुन्याला असतो, कंपनीत."

"सोभाव कसा हाय?"

"सोन्यासारखा! माझ्यावर गेलाय!"

"मंग लग्नाचं कवा म्हंता?"

"लग्नाचं?" बिभीषणनं चहाचा भुरका मारला. "ते तर कवाच झालं! दोन पोरं हायती त्याला!"

ओट्यावर अशी शांतता पसरली, की खाचरातल्या आजोबांनीही मान वर केली.

"लगीन झाल्यालं?" आजी उठली. "वर दोन पोरं? आन् आमच्या घरचं पोहं चापत माझ्या नातीला बघाया आलाय?" तिनं कोपऱ्यातली केरसुणी उचलली मात्र, कल्याणनं ओट्यावरून थेट अंगणात उडी घेतली! तीस वर्षांत त्या गुडघ्यानं असली उडी मारली नव्हती.

"आजे, थांब!" निकिताला हसू आवरेना. "हे ते पाव्हनं नाहीत! काका, तुम्ही आलात कुठून?"

"रतनगडावरनं," बिभीषण केरसुणीवर नजर ठेवून म्हणाला. "त्या वरच्या खिंडीतनं."

"ती कात्राबाईची खिंड. हे कुमशेत आहे काका. रतनवाडी डोंगराच्या पलीकडं राहिली. आणि रतनगड तर ह्या वाटेवर लागतच नाही!"

मग रतनबाई जी हसायला लागली, ती केरसुणी टाकून खालीच बसली. बिभीषण मात्र खुर्चीत आक्रसून गेला. कॉलर खाली आली, खांदे खाली आले, मिशासुद्धा खाली आल्यासारख्या वाटल्या. कल्याण लंगडत येऊन त्याच्या शेजारी बसला.

"कल्या," बिभीषण पुटपुटला, "मंग तो धोंडा?"

"कुठला?"

"ज्याला धरून रडलो आपन."

"त्याला बिचाऱ्याला काय म्हाईत! म्हनला असंल, कोन येडे आलेत." कल्याण हसला. "मी वाचली हुती पाटी. रतनगडाचा बाण उजवीकडं हुता."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तू बोलू देतोस व्हय? आन् तू इतका खुशीत हुतास गड्या! मला तरी गड कुठं पायजे हुता? किती दिसांनी आज ऑपरेशनचा इचार न करता चाललो मी. दगड तो नसंल, पन घसरलो हुतो ते तर खरं न्हवं?" त्यानं गुडघा चोळला. "आता डागतरला म्हनावं, काप खुशाल. ह्या असल्या डोंगरावरनं उतरलो, तर टेबलावरनं बी उतरंन."

बिभीषणला काहीतरी मोठं बोलायचं होतं. पण त्यानं नुसतंच कल्याणच्या पाठीवर थापटलं.

निकितानं ओट्याच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथं उभं राहून आपल्या मोबाईलवरून बिभीषणच्याच नंबरावर फोन लावून दिला.

"अहो, कुठं आहात?" पलीकडं सत्यशीला होती.

"कुमशेतला."

"ते कुठं आलं?"

"रतनगडाच्या जरा... फुडं. तुमी देवळात बसून कटाळल्या असाल..."

"देवळात कशाला? आत्ताच गडावरनं उतरलो आम्ही! पाट्या आहेत की जागोजागी!"

"आन् शिडी?"

"शिडी बी आहे! ज्योती घाबरली होती, मी मागनं ढकललं तिला. नेढ्यात लई भारी वारा सुटला होता हो! थांबा तिथंच, गाडी घेऊन येते."

"तू? घाटानं?"

"मग तुम्ही येता का चालत?"

बिभीषणनं मागच्या डोंगराकडं पाहिलं. "सावकाश ये," तो म्हणाला.

तेवढ्यात खरे पाहुणे आले. त्यांच्या वाटचे पोहे संपले होते, त्यामुळं वर्कशॉपचे दोन रिटायर कारागीर रतनबाईच्या स्वैपाकघरात डोळे पुसत कांदे चिरायला बसले. बाहेर मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आत कोन हाय?" रतनबाईनं ठसक्यात सांगितलं, "पोरीचे मामा!" आणि दोन्ही मामांनी आणखी एक कांदा ओढला.

दिवेलागणीला गाडी दारात आली. सत्यशीला स्टिअरिंगवर, ज्योती तिच्या शेजारी. रतनबाईनं दोघींना हळदीकुंकू लावलं. दोघींनी सगळी हकीकत दोनदा ऐकली आणि दोन्ही वेळा पोट धरून हसल्या. मामांना मागच्या सीटवर बसवण्यात आलं.

गाडी वळणं घेऊ लागली. पुढं दोघींचं ठरत होतं.

"पुढच्या खेपंला कळसूबाई करू," ज्योती म्हणाली. "ह्यांचा पाय बरा झाला की."

"करू की. पण ह्या दोघांना न्यायचं का?"

"बघू. वाट चुकवतात हो!"

मागं अंधारात कल्याणनं कोपरानं ढोसलं. "बिभ्या, न्हेतील का रं आपल्याला?"

"गप ऱ्हा! आत्ता इचारलं तर न्हाईच म्हनतील. झोपल्याचं सोंग घे!"

दोघांनी घट्ट डोळे मिटले. आणि सोंग घेता घेता, एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून, राजूर यायच्या आत ते खरोखरचे घोरायला लागले.