हवालदार काकडे गाडीत बसतात

आमच्या गारखेड्याच्या नाक्यावर कुठे जायला रिक्षा थांबवली की माझे फौजी शेजारी हवालदार काकडे आधी तिच्या चाकापाशी बसतात. उजवा पाय वाकत नाही, तो रस्त्यात लांब सोडतात. टायरवर अंगठा दाबतात, ब्रेक मारून दाखवायला लावतात, हँडल हलवून बघतात आणि रिक्षावाल्याला विचारतात, "झोप झाली का रात्री?" एवढं सगळं झालं की गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि निकाल देतात, "मुआयना झाला. नाय जमत." मग लंगडत लंगडत पायीच निघतात. मागून रिक्षावाला जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

गंमत म्हणजे या माणसाने उमेदीची सगळी वर्षं सैन्यात ट्रक चालवला. पुढे डोंगरातल्या रस्त्यावर ट्रक दरीत गेला, पाय मोडला आणि ते घरी आले. त्या पायापोटी त्यांना अपंगत्वाची पेन्शन मिळते. पण घरी आल्यापासून ते कुठल्याही वाहनात बसलेले मी पाहिले नाहीत. छावणीत जायचं, पायी. दवाखाना, पायी. विचारलं तर म्हणतात, "पायी बरं असतं सर. जिमिनीचा भरोसा आहे."

मला सगळे सर म्हणतात, कारण मी शाळेत चित्रकला शिकवायचो. आता निवृत्त आहे, एकटा राहतो आणि जन्मजात भित्रा आहे. कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की मी बाल्कनीत जाऊन उभा राहतो. हा फ्लॅट मी घेतला तोच मुळी शेजारच्या दारावर 'हवालदार' ही पाटी वाचून. चोर आला, आग लागली, साप निघाला, तरी भिंतीपलीकडे फौजी आहे, असा माझा हिशेब. तो साफ चुकला. पहिल्याच उन्हाळ्यात कोपऱ्यावर एका टेम्पोने करकचून ब्रेक मारला, तेव्हा हवालदार जिन्यात भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, अर्थात माझ्या स्वतःच्या कारणाने. आमची मैत्री तिथे जमली.

एके दिवशी काकडेवहिनी माझ्या दारात आल्या. हातात पदराचं टोक, चेहरा उतरलेला.

"भावजी, पुण्याचं बोलावणं आलंय. मेडिकल बोर्डाचं."

पायाच्या अपंगत्वाचे टक्के परत तपासणार होते. टक्के ठरावीक आकड्याच्या खाली गेले तर पेन्शन बंद. याआधी दोनदा बोलावणं आलं होतं. एकदा हवालदारांना ऐनवेळी ताप भरला, एकदा पंचांग आडवं आलं. आता छावणीतल्या कचेरीतल्या कारकुनाने स्पष्ट सांगितलं होतं, की या खेपेला हजर राहिला नाहीत तर प्रकरण बंद होईल.

"मग जाऊ द्या की त्यांना," मी म्हणालो.

"जायला तयार हायेत वो," वहिनी म्हणाल्या आणि रडू लागल्या. "पायी जातो म्हणतेत."

मी पलीकडे गेलो. हवालदार जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. शेजारी पाण्याची बाटली, सातूच्या पिठाची पुरचुंडी, वळकटी. मोहिमेची तयारी चोख होती.

"सर, मारुतीच्या देवळात मुक्काम करत करत गेलो तर लई सोपं आहे. रस्ता सरळ आहे."

"अहो काकडे," मी कपाळावर हात मारला, "संभाजीनगरहून पुण्याला चालत आलेल्या माणसाला लंगडा कोण म्हणेल? डॉक्टर तुम्हाला पेन्शन द्यायच्या ऐवजी पुन्हा भरती करून घेतील!"

त्यांचा ब्रश थांबला. हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. त्यांनी पॉलिशच्या डबीला झाकण लावलं. मग अगदी हळू म्हणाले, "मग नाय जात. जाऊ द्या पेन्शन."

दारात उभ्या वहिनींनी पदर तोंडाशी धरला. त्या घरात दुसरी मिळकत नव्हती. मला एकाएकी फार भीती वाटली. मी घाईघाईने म्हणून गेलो, "मी येतो बरोबर." माझ्या तोंडून धाडसाचं वाक्य निघालं की मला स्वतःलाच धक्का बसतो.

गाडी ठरवली ती शेंद्र्याच्या गफूरभाईंची. ते तिकडच्या कारखान्यांतली माणसं ने-आण करतात, शांत स्वभावाचे आहेत. पण त्या दिवशी हवालदारांनी चारही चाकं, स्टेपनी, जॅक, वायपर, सगळं तपासलं, तेव्हा गफूरभाईंचाही संयम सुटला. "चचा, अब इंजन भी खोल के बताऊँ क्या?"

"खोला," हवालदार म्हणाले.

शेवटी वहिनींनी त्यांना अक्षरशः ढकलून मागच्या सीटवर बसवलं. शेजारी मी. दार लागल्याचा आवाज झाला आणि हवालदारांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. ते देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं, पण कान दिला तर ते "गियर बदल, गियर बदल" म्हणत होते.

वाळूज ओलांडलं आणि पुढे एक म्हैस आली. गफूरभाईंनी ब्रेक दाबला. त्याच क्षणी हवालदारांचा डावा हात फाटकाच्या दांडीसारखा आडवा आला आणि माझ्या छातीवर धाडकन बसला. माझा चष्मा उडून पायाशी पडला. "माफ करा सर," ते म्हणाले. गंगापूर फाट्यावर पुन्हा तेच. नगरच्या अलीकडच्या घाटात तर त्यांनी मला सीटला खिळूनच ठेवलं. माणूस घाबरला की हाताला लागेल ते धरतो, असं मी मनाला समजावत होतो. मी स्वतः पुढच्या सीटची उशी दोन्ही हातांनी आवळली होती, त्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं. पुण्यात उतरताना माझ्या बरगड्या ठणकत होत्या.

"हवालदार," मी म्हणालो, "बोर्डासमोर आता मलाच उभं करा. माझेच टक्के जास्त भरतील."

ते हसले नाहीत. फाईल त्यांच्या हातून दोनदा खाली पडली. म्हणून शिपायाने मलाही आत सोडलं. दाराशी एका स्टुलावर बसवलं आणि बोलायचं नाही अशी ताकीद दिली. ती नसती दिली तरी मी बोललो नसतो. टेबलामागे गणवेशातले अधिकारी बसले होते.

आणि हवालदारांनी आत पाऊल टाकताच घोटाळा केला. अधिकारी दिसले आणि हा माणूस ताठ झाला. मोडका पायसुद्धा जमिनीत रोवलेला. खाडकन सॅल्यूट!

"पाय दुखतो?"

"नाही साहेब!"

"चालताना त्रास?"

"नाही साहेब! एकदम फिट!"

माझ्या डोळ्यांसमोर वहिनींचा पदर. उत्तरं लिहून घेणाऱ्याचं पेन झरझर चालत होतं आणि एकेका ओळीत पेन्शन जात होती. आयुष्यभर दुखणं लपवायची सवय लागलेला हा माणूस आता काही बोलणार नव्हता. मी कधी उठून उभा राहिलो ते मलाच कळलं नाही.

"यांना विचारा," माझा आवाज चिरकला, "हे गाडीत का बसत नाहीत ते विचारा!"

शिपाई माझ्याकडे धावला. पण टेबलाच्या कडेला बसलेल्या एका डॉक्टरबाईंनी त्याला हाताने थांबवलं. त्या मराठी होत्या. "बसा हवालदार," त्या म्हणाल्या. "सॅल्यूट नको. गाडीचं काय?"

हवालदार बसले. उजवा पाय त्यांनी लांब सोडला.

"ब्रेक लागंना बाईसाहेब," ते बोलले. "शेजारी पोरगं होतं. नवीन भरती. सुट्टीवर निघालं होतं म्हणून मीच त्याला म्हणलं, बस माझ्यापाशी. गाडी कड सोडतीय म्हणल्यावर मी हात आडवा घातला. धरलं होतं त्याला. खरंच धरलं होतं." त्यांनी आपला डावा तळवा उघडून त्याकडे पाहिलं. "पायाचं काय नाय. पण शेजारी कुणी बसलं की मला लई भ्या वाटतं."

माझ्या दुखऱ्या बरगड्यांवर माझा हात आपोआप गेला. दिवसभर ते मला धरून होते, आणि मला वाटत होतं की त्यांना आधार हवाय.

बाईंनी बरंच काही लिहिलं. पायाचंही लिहिलं आणि त्या भीतीचंही. पुढे निकाल आला, पेन्शन राहिली आणि वहिनींनी आख्ख्या जिन्याला पेढे वाटले. पण ते नंतरचं. तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, "यावर औषध आहे हवालदार. पण त्यासाठी अधूनमधून इथं यावं लागेल. याल ना?"

"येतो," ते म्हणाले. "पण बाईसाहेब, एक अर्ज आहे. मी एकटा येतो. सरांना माझ्या शेजारी बसवू नका."

एक क्षण मला राग आला. एवढ्या लांब आलो, बरगड्या शेकवून घेतल्या, आणि हे बक्षीस? मग ते वळले आणि माझ्याकडे बघू लागले. चेहरा पांढराफटक, डोळ्यांत पाणी. आयुष्यभर मी कुकरला भ्यालो, जिन्याला भ्यालो, विजेच्या बटणाला भ्यालो, सगळं स्वतःच्या जिवासाठी. बायको गेल्यापासून माझ्या जिवासाठी दुसरं कुणी भ्यालं नव्हतं. आज हा माणूस भीत होता.

मी स्टूल उचललं, त्यांच्या खुर्चीला लावून ठेवलं आणि त्यावर बसलो.