केराक्काच्या चपला अधिवेशनाला गेल्या

देशाच्या अध्यक्षपदाला कुणाला उभं करायचं, हे पक्षात चपला ठरवतात. पूर्वी माणसं पाठवून बघितली होती. पण माणूस जिल्ह्याला गेला की चार दिवस गोडधोड खातो आणि येताना गाव विसरून येतो. चपलांना तोंड नसतं, म्हणून प्रतिनिधी म्हणून त्याच जाऊ लागल्या.

त्या साली वाघजाईच्या देवळाबाहेर सभासदांनी चपला ओळीनं काढून ठेवल्या. ज्याला जी जोडी भरवशाची वाटली, तिच्यात त्यानं एक चिंचोका टाकला. केराक्काची जोडी चिंचोक्यांनी भरून सांडली. चपला तशा साध्याच. डावी टाच झिजलेली, पट्ट्याला लाल दोरा शिवलेला, चालताना करकर वाजायच्या. पण रोज ओढा ओलांडणाऱ्या.

ओढ्यावर पूल नव्हता. मागच्या आश्विनात केराक्काची सून पोटुशी असताना त्याच ओढ्यात घसरली. सून वाचली, पोटातलं वाचलं नाही. उमेदवारीला दोघं होते. इंदुताईनं पूल बांधायचा शब्द दिला होता, आणि तो द्यायला बाई गुडघाभर पाण्यातनं चालत आली होती. रावसाहेबही आले होते, पण ते पलीकडच्या काठावर गाडीतच बसून राहिले.

केराक्कानं चपलांना तेल चोळलं आणि बजावलं, "दोन सतरंज्या आंथरल्याल्या असतील. दार लावलं की इंदुताईच्या सतरंजीवर जाऊन बसायचं. हिकडंतिकडं बघायचं न्हाई."

पक्षाचा चिटणीस बाळगोंडा गावातलाच. त्यानं चपला पोत्यात घातल्या आणि नेल्या.

आठ दिवस केराक्का अनवाणी हिंडली. नवव्या दिवशी कळलं, रावसाहेब ठरले. तेही एकमतानं. बाळगोंडानं ओसरीवर एक जोडी आणून ठेवली. काळी, चकचकीत, उंच टाचेची.

"आक्का, ह्या तुमच्या चपला. इथं अंगठा द्या."

"ह्या माझ्या न्हाईत."

"रजिस्टरात एक जोडी गेली, एक जोडी आली."

"माझ्या चपलंला लाल दोरा हाय."

"अधिवेशनाला जाऊन आलं की प्रतिनिधीत फरक पडतो, आक्का. पॉलिश चढतं."

"आन झिजल्याली टाच भरून येती व्हय? मग फुडच्या बारीला माझा गुडघा घिऊन जा. त्योबी भरून आण."

"मी नियम केलेला न्हाई."

"तू कुठला करतोस. तू निस्तं पोतं उचलतोस."

तिनं अंगठा दिला नाही. नवी जोडी काठीनं ओसरीखाली ढकलली.

चौथ्या दिवशी दुपारी ती भाकरी थापत होती, तर ओढ्याकडनं करकर ऐकू आली. उजवी पुढं, डावी मागनं फरफटत. पट्टा तुटलेला, अंगावर चिखल. जिल्ह्यापासनं चालत आल्या होत्या. डावीच्या तळव्याला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. सुनेनं ती सोडवली आणि वाचून दाखवली, "सदर जोडी झिजलेली असल्याने सभागृहात प्रवेश नाकारण्यात येत आहे."

"परत वाच," केराक्का म्हणाली.

सुनेनं परत वाचलं. केराक्कानं तव्यावरची भाकरी उलटली, भाजून खाली उतरवली. मग उठली. चपला तिनं धुतल्या नाहीत, पायातही घातल्या नाहीत.

"चला," म्हणाली. ती पुढं, चपला मागं.

बाळगोंडाच्या पायरीवर चपला जाऊन बसल्या, पुढची टोकं दाराकडं करून. बाळगोंडानं एक उचलून बघितली. हलेना.

"आक्का, ह्यांचं मी काय करू?"

"आत घे. आमाला आत घितलं न्हाई, म्हणून हितवर आलो. तुझ्या दारातबी झिजल्याल्या चालत न्हाईत का?"

त्यानं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आसपासच्या गावांतल्या अठ्ठावीस जोड्या येऊन बसल्या. कुणाची टाच झिजलेली, कुणाचा अंगठा तुटलेला. प्रत्येकीच्या तळव्याला तीच चिठ्ठी. त्यांच्यामागनं दोन माणसं आली, आपापली जोडी ओळखून, तिथंच ठेवून परत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या काठावर रावसाहेबांचा सत्कार होता. बाळगोंडा फेटा बांधून बाहेर आला, तर त्याच्या चपला जागेवर नव्हत्या. पायरीवरच्या ओळीत शेवटाला बसल्या होत्या, टोकं दाराकडं. त्यानं हाक मारली. ओढून बघितलं. मग धोतर वर खोचून तो अनवाणी ओढ्यात उतरला.

केराक्का वरच्या अंगाला धुणं धूत होती. बाळगोंडा मधोमध थांबला. एक पाय पाण्यात, एक हवेत.

"आक्का, कुठनं जाऊ?"

तिनं लुगडं पिळलं, खडकावर टाकलं.

"उजवीकडनं जा," ती म्हणाली. "डावीकडं माझी सून घसरली हुती."

तो उजवीकडनं गेला.