एकही जागा मोकळी नको

जनरेटर म्हणजे काय, विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा! मी शाळेत तो शिकवते, माझ्याकडे मल्टिमीटर आहे. म्हणून जयंतीच्या सकाळी मी वस्तीला निश्चिंत केलं, "वीज गेली तरी कार्यक्रम थांबणार नाही."

संध्याकाळी वीज गेली.

आवडाबाई आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलणार होत्या. महिनाभर गोठ्यात म्हशीसमोर भाषणाचा सराव चालला होता. विहार, कमान आणि जनरेटर नुकतेच रंगवून काढलेल्या अजितने चावी फिरवली. टक्! बॅटरी उतरलेली. ओढून सुरू करायची दोरी तर पावसाळ्यातच तुटली होती.

विनेशच्या रिक्षाची बॅटरी जोडली. इंजिन धडधडलं. टाळ्या! मी मीटर लावला. चालू इंजिनावर चौदा व्होल्ट हवेत, दिसत होते बारा. म्हणजे चार्जिंग नाही.

"मॅडम, चालू हाय ना? राहू द्या," अजित म्हणाला.

"कारण शोधायला नको?" मी इंजिन बंद केलं. फ्यूज पाहिला, वायरी पाहिल्या, दर वेळी स्टार्टर मारला. रिक्षाची बॅटरीही उतरली. मग सदाच्या टेम्पोची आणवली.

"बाई, मी घरी रिक्षा ढकलत नेऊ?" विनेश कळवळला.

"शास्त्रात संयम लागतो."

"आणि रिक्षात बॅटरी!"

तेवढ्यात सापडलं! चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर सांगाड्यावर घट्ट बसवलेला, पण मधे निळ्या रंगाचा जाड थर. त्याची वीज सांगाड्यातूनच फिरते, आणि रंगातून वीज जात नाही.

"याच्याखाली रंग कोणी मारला?"

"मीच. तुम्हीच म्हणालात ना, खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, सगळं खोलून रंगव, एकही जागा मोकळी नको?"

मी मन लावून रंग खरवडू लागले.

टेम्पोच्या बॅटरीने कण्हत इंजिन फिरवलं. चौदा पूर्णांक दोन! मी मीटर सगळ्यांना दाखवला, अगदी लग्नातल्या आहेरासारखा.

"आवडाबाई, या! अजित, माइकचा प्लग लाव."

अजित प्लग घेऊन तसाच उभा. मी टॉर्च मारला. जनरेटरच्या सॉकेटची तिन्ही भोकं निळ्या रंगाने बुजलेली.

"सगळं म्हणालात..." तो पुटपुटला.

आवडाबाईंनी माइक बाजूला सारला आणि म्हशींना हाकारायच्या आवाजात भाषण सुरू केलं, "मंडळी, आधी आमच्या बाईंचे आभार! यंदा सगळं रंगवून घेतलं. एक जागा सोडली न्हाय!"

शेवटच्या रांगेतूनही टाळ्या आल्या. मी मीटर पिशवीत ठेवला.