समोर अर्जदार पाहिजे

टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते. ती वाजली की देवमनजी मान वर करून म्हणायचे, "हाव, आलो!" आणि मगच पुढच्या ओळीवर जायचे. प्रत्येक ओळीला हेच. वर्गातली पोरं तोंडात रुमाल कोंबून हसायची आणि मी टेबलावर पट्टी आपटायचो. पोरांवर चिडून की देवमनजींवर, ते माझं मलाच ठाऊक नसायचं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावी, कापडाच्या दुकानावरच्या माडीत मी टायपिंगचा वर्ग चालवत होतो. तीन मशिनी इंग्रजीच्या आणि एक कोरी करकरीत मराठीची. गावातली ती एकुलती एक मराठी मशीन, त्यामुळे मी तिला कोणाला जोरात बोट लावू देत नसे. देवमनजी अर्जनवीस होते. रोज उंद्रीहून एस.टी.नं यायचे आणि कचेरीसमोरच्या निंबाखाली पेटी मांडून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. अक्षर इतकं देखणं की साहेब लोक अर्ज नामंजूर करायचे, पण कागद चार जणांना दाखवायचे.

त्यांचे नियम दोन. पहिला, "पैल्यापासून सांग, मधातून नोको सांगू." बांधाचं भांडण घेऊन आलेला माणूस मग आजोबाच्या लग्नापासून सुरू व्हायचा आणि देवमनजी ते सगळं ऐकून घ्यायचे. दुसरा नियम खाडाखोड न करण्याचा. "खोडलं का मानूस खोटा दिसते," म्हणायचे. एक अक्षर चुकलं तरी नवा कागद.

अशा माणसावर कचेरीचं फर्मान आलं. पुढल्या महिन्यापासून फक्त टाइप केलेले अर्ज घेतले जातील. अर्जनवीसांनी साहेबांसमोर अर्ध्या तासात एक पान टाइप करून दाखवायचं, नाहीतर परवाना रद्द. त्याच संध्याकाळी देवमनजी माडीचा जिना चढून आले. टोपी काढून मशीनशेजारी ठेवली, मशीनला नमस्कार केला आणि म्हणाले, "मास्तर, एक महिना हाय. शिकवा."

माझा स्वभाव तापट, आणि हे पंचावन्न-साठीचे विद्यार्थी. पहिल्याच दिवशी त्यांनी कार्बन उलटा घातला. खालचा कागद कोरा राहिला आणि सगळी नक्कल वरच्या कागदाच्या पाठीवर उलटी उमटली. अंगठा फक्त खालच्या लांब पट्टीसाठी, हे मी दिवसातून दहा वेळा सांगायचो आणि दहाही वेळा ते "हाव" म्हणून तिथे तर्जनी ठेवायचे. तरी अक्षरांच्या जागा मात्र आठ दिवसांत पाठ झाल्या. डोकं पक्कं होतं.

खरी पंचाईत पुढे आली. मी पुस्तकातला पाठ समोर ठेवला. "कापूस हे नगदी पीक आहे," एवढं वाचून त्यांनी चष्मा काढला.

"हे कोन म्हनते?"

"पुस्तकात आहे, काका. बघायचं आणि टाइप करायचं."

"पन बयान कोनाचं हाय? तो समोर बसेल नाही, त मी कोनाच्या तोंडाकडे पाहून लिहू?"

आणखी आठ दिवस असेच गेले. कापूस नगदी पीक आहे, हे काही कागदावर येईना. शेवटी माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या समोर धाडकन बसलो आणि ओरडलो, "माही म्हैस चोरीले गेली!"

देवमनजी ताठ झाले. "रडू नोको. पैल्यापासून सांग. म्हैस कुठून आनली होती?" मला अहो-जाहो करणारा माणूस एका क्षणात अरे-तुरेवर आला. मी सुचेल ते सांगत गेलो. साखरखेर्ड्याच्या बाजारातून आणली, डावं शिंग मोडलेलं, स्वभावानं गरीब. आणि त्यांची बोटं चालायला लागली! घंटी वाजत होती, "हाव, आलो" होत होतं आणि पान भरत होतं.

त्या दिवसापासून मी रोज अर्जदार झालो. माझी विहीर खचली, शेजाऱ्यानं शेताच्या हद्दीचा धुरा कोरला, आणि म्हैस तर आठवड्यातून दोनदा जायची. "आज काय चोरीला जाणार आहे?" असं बायको डबा देताना विचारायची. एकदा मी घाईत शिंग उजवं सांगितलं. देवमनजींनी सर्रकन कागद ओढला. "परवा डावं होतं. खोटं लिहिनार नाही मी." नवा कागद.

परीक्षेच्या दिवशी मशीन माझीच लागणार होती, म्हणून मलाही कचेरीत उभं राहायला मिळालं. दोघे तरुण अर्जनवीस आधीच पास होऊन सुटले होते. साहेबांनी टेबलावर घड्याळ ठेवलं आणि विहिरींच्या दुरुस्तीचं एक छापील परिपत्रक देवमनजींपुढे सरकवलं.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कागद कोरा होता. पाच मिनिटं गेली. दहा गेली. चपराशी उगाच खाकरला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, यात मानूसच नाही."

साहेब वाईट नव्हते. जरा वेळ त्यांच्याकडे बघून म्हणाले, "बरं, परिपत्रक राहू द्या. तुमचाच अर्ज टाइप करा. परवाना कायम राहावा म्हणून. वीस मिनिटं आहेत."

मला वाटलं, सुटलो. पण हे तर त्याहून अवघड निघालं. साऱ्या तालुक्याचं गाऱ्हाणं मांडणाऱ्या माणसाला स्वतःची पहिली ओळ सुचेना. बोटं कळांवर यायची आणि परत मांडीवर जायची. टोपीखालून घाम गळत होता. मी घड्याळाकडे बघत होतो. पंधरा मिनिटं उरली, तशी मी साहेबांना न विचारताच खुर्ची ओढली आणि देवमनजींच्या समोर बसलो.

"पैल्यापासून सांग," मी म्हणालो. "मधातून नोको सांगू. काऊन आला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "लायसनसाठी."

"काऊन पाहिजे लायसन? पोट भरत नाही का?"

"पोट भरते. वावर हाय, पुतन्या वाहते."

"मंग?"

त्यांनी हात कळांवर ठेवले. मग बोटं हलली, आणि बोटांबरोबर ओठ. "घरी मी एकटाच हावो. बायको होती तवा सैपाकघरातून हाक मारे. सहा वर्सं झाली, आता घरात हाक मारनारं कोनी नाही. इथी निंबाखाली मानूस येते, माह्यासमोर बसते, पैल्यापासून सांगते. लायसन गेलं, त माह्यासमोर कोन बसन?"

घंटी वाजली.

"हाव, आलो," ते पुटपुटले.

त्या दिवशी मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. महिनाभर मी त्या शब्दांवर पट्टी आपटत होतो, त्याची फार लाज वाटली.

शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं. दोन मिनिटं उरली होती. देवमनजींचा हात सवयीनं कागद ओढायला गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी वर पाहिलं.

"साहेब, एक अक्षर चुकलं. खोडू का?"

त्यांचा नियम साऱ्या कचेरीला माहीत होता. साहेब उठून जवळ आले, पान तसंच वाचलं आणि म्हणाले, "खोडा, देवमनजी. तुम्ही खोटे दिसणार नाही."

परवाना राहिला. देवमनजींनी कुठूनशी एक जुनी मशीन मिळवली आणि निंबाखाली मांडली. बाजाराच्या दिवशी त्यांना मान वर करायला फुरसत नसायची. पण इतर दिवशी दुपारी तिथे चिटपाखरू नसे. मशीनपुढे एकटेच बसलेले असायचे. वर्ग सुटला की मी माडी उतरून जायचो.

"बस," ते म्हणायचे. "काऊन आला?"

"म्हैस चोरीले गेली."

ते धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायचे, कागद चढवायचे. "शिंग कोनतं मोडेल होतं?"

"उजवं," मी मुद्दाम म्हणायचो.

"डावं," ते म्हणायचे. "पैल्यापासून सांग."

आणि मी साखरखेर्ड्याच्या बाजारापासून सुरू करायचो.