मास्तरांची सुटणारी गणितं

ये पोरी, अशी जवळ बस. आधी रागावू दे! पेठ वडगावच्या बाजाराला येतीस, आणि चार पावलं पुढं कोल्हापूरला यायला पाय मोडतात व्हय? बरं, ऐक.

महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. आमच्या शेजारचे गणिताचे मास्तर सकाळी स्वतः अंगणात रांगोळी घालायचे. पुरुषमाणूस आणि रांगोळी! पण फुलं-गोपद्मं नव्हेत हं, गणित! एखादी वाकडी रेघ घ्यायची आणि तिच्याखालची जागा किती, हे एका ओळीत नीट मांडता येतं का बघायचं. पुष्कळांचं उत्तर तसं मांडताच येत नाही म्हणे. मास्तर मांडता येणारीच हुडकत फिरायचे. एक हाती लागलं की भर रस्त्यात आरोळी, "घावलं! घावलं की!" महाराजांचा खडखडा, ती घोड्यांची मोठी गाडी, शेजारून गेला तरी मान वर नाही!

त्यांची युक्ती न्यारीच. आधी उत्तर लिहायचं आणि उलटं चालत प्रश्नाशी पोचायचं. मी म्हटलं, "मास्तर, ही तर लबाडी!"

"लबाडी कसली, वैनी? परतीची वाट ठाव असल्याबिगर हिला रानात सोडीन व्हय?"

ही म्हणजे त्यांची बायको, राधाक्का. लग्नानंतर मास्तरांनीच तिला गणित शिकवलेलं. प्लेगात लेक गेली आणि अक्काचं बोलणंच थांबलं. अंगणातलं गणित तेवढं सोडवायची. उत्तर आलं तर दोन घास खायची, नाहीतर दिवसभर उपाशी. म्हणून मास्तरांची ही सगळी धावपळ!

एकदा रांगोळी संपली. मास्तरांनी तांदळाच्या पिठानं गणित घातलं आणि शाळा गाठली. चिमण्यांनी नेमका पुढचा 'क्ष' टिपला! तो होता तर गणित सुटत होतं. तो गेला, आता जगात कुणालाच सुटणार नव्हतं. अक्का दुपार टळेपर्यंत झुंजली. मी भाकरी नेली, तर नुसती मान हलवली.

मास्तर आले, बघतात तर काय! "अगं, क्ष चिमण्यांनी खाल्ला! थांब, घालतो," म्हणत खाली वाकले.

अक्कानं त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या." आवाज कसा, गंजल्या कडीसारखा. "ह्ये सुटत न्हाय. काही गणितं सुटतच न्हाईत. हातपाय धुवा, वाढते."

पेठभर आवाज जाणारे मास्तर पायरीवर मटकन बसले. डोळ्यांना नुसती धार. आत दोन ताटं वाजली, तशी मी माझी भाकरी घेऊन मुकाट माघारी फिरले.

तर पोरी, आता सबबी नकोत. येत्या बाजारादिवशी पिशवी घेऊन इकडंच ये. मी वाट बघते.